शिकागो ते मॅकिनॉ: मिशिगन सरोवरावर स्वतःच्या बोटीनं लांबचा प्रवास कसा करावा

"तळ्यात बोट फिरवायची, त्याला तीन आठवडे कशाला लागतात?" पहिल्या प्रवासाआधी रत्नागिरीच्या काकांनी मला फोनवर विचारलं होतं. त्यांचा दोष नाही. सरोवर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रंकाळा येतो, फार तर कोयनेचा शिवसागर. मिशिगन सरोवर ४९४ किलोमीटर लांब आहे, रुंदी जास्तीत जास्त १९० किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. क्षेत्रफळ ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे पंधरा गोवे आत मावतील. मध्यावर गेलात की चारी बाजूंना फक्त पाणी दिसतं.

आणि हे पाणी समुद्रापेक्षा काही बाबतींत जास्त त्रास देतं. समुद्राची लाट लांब असते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. इथली लाट आखूड आणि उभी. चार-पाच सेकंदांत पुढची लाट येऊन आदळते, बोटीला सावरायला वेळच मिळत नाही. चार फुटांच्या लाटा कागदावर किरकोळ वाटतात, पण तीस फुटी बोटीत तासभर त्या झेलल्या की कपाटातली भांडी, पोटातलं अन्न आणि घरातल्यांचा धीर यांतलं काहीच जागेवर राहत नाही.

शिकागो, मिलवॉकी, ग्रँड रॅपिड्स या भागात आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि अलीकडे काहींनी बोटीही घेतल्या आहेत. बहुतेकांची बोट शनिवार-रविवारी धक्क्यापासून पाच मैलांच्या पलीकडे जात नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शिकागोहून निघून पूर्व किनाऱ्यानं सरोवराच्या उत्तर टोकाला मॅकिनॉपर्यंत जायचं, आणि परत यायचं.

आधी सुट्टीचा हिशोब

शिकागो ते मॅकिनॉ ही शिडाच्या बोटींची शर्यत १८९८ पासून चालू आहे. तिचं सरळ अंतर ३३३ मैल. (या सरोवरांवर अंतर नेहमीच्या जमिनीवरच्या मैलांत मोजतात, समुद्री मैलांत नाही. वाऱ्याचा वेग मात्र नॉटमध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे ताशी सव्वा मैलाला थोडा कमी.) शर्यतवाले रात्रंदिवस चालतात. आपण किनाऱ्याकिनाऱ्यानं, दिवसा, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं आहे. वळसे धरून जाण्याचेच ४०० मैल धरा.

दिवसाला ३० मैल धरले तर तेरा-चौदा दिवस होतात. पण दर तीन दिवसांत एक दिवस वाऱ्यामुळे बंदरातच काढावा लागेल असं गृहीत धरा. म्हणजे नुसतं जायलाच तीन आठवडे. एवढी सुट्टी नसेल तर अर्ध्या वाटेवरून, लडिंग्टन किंवा फ्रँकफर्ट या मिशिगनच्या बंदरांतून परत फिरा. पण परतीच्या विमानाची, पाहुण्यांच्या येण्याची किंवा ऑफिसच्या मीटिंगची तारीख या प्रवासाच्या गळ्यात बांधू नका. माझ्यावर जी एकमेव खरी वाईट वेळ आली ती तारखेच्या हट्टामुळेच, ते पुढे सांगतो.

महिना जुलै. जूनमध्ये पाणी अजून थंडगार असतं, वर उबदार हवा आली की दाट धुकं धरतं. ऑगस्ट चांगला असतो. ऑगस्टअखेरपासून वारे वाढतात आणि पाण्यावर चक्री सोंडा दिसू लागतात. नोव्हेंबरचं तर नाव काढू नका. ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळात पेंटवॉटरजवळ दोन मोठी मालवाहू जहाजं सगळ्या खलाशांसकट बुडाली आणि तिसरं उथळ पाण्यात आपटून मोडलं. तोच किनारा आपल्या वाटेवर आहे.

कागदपत्रं

अमेरिका-कॅनडाच्या पाच महासरोवरांपैकी हे एकच पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा, कारण वाटेत कुठेही सीमा ओलांडावी लागत नाही. मॅकिनॉच्या पुढे ह्युरॉन सरोवरात जाऊन कॅनडाच्या बाजूला वळलात तर मात्र प्रवेशाचे सगळे नियम लागू होतात. बोटीची केंद्र सरकारी नोंदणी फक्त अमेरिकी नागरिकाच्या नावावर होते. बाकीच्यांनी राज्याची नोंदणी करायची, या प्रवासाला ती पुरते. विमा काढताना पॉलिसीत कोणता जलभाग लिहिला आहे ते वाचून घ्या.

बोट आणि इंजिन

बोट तीस फुटांच्या आसपास, झोपायला जागा, छोटं स्वयंपाकघर आणि मैलाटाकी असलेला संडास, एवढं पुरे. या पाण्यात मैला सोडायला सक्त मनाई आहे, बंदरात पंपानं टाकी रिकामी करून मिळते. याच पाण्यावर लाखो लोकांचे नळ चालतात, त्यामुळे या नियमात पळवाट शोधू नका.

इंधनाचं गणित घरीच करा. माझी एका डिझेल इंजिनाची, ताशी आठ मैल चालणारी बोट तासाला दोन गॅलन पिते. म्हणजे गॅलनला चार मैल, आणि ४०० मैलांना १०० गॅलन. पाण्यावर उचलून धावणारी दोन पेट्रोल इंजिनांची बोट गॅलनला जेमतेम मैलभर जाते, तिला चारशे गॅलन लागतील. प्रत्येक टप्प्याला नियम एकच: टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश परत फिरायला, एक तृतीयांश न मोजलेला. पेट्रोल इंजिन बोटीच्या पोटात असेल तर चालू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून आतली वाफ बाहेर काढायची. ही चार मिनिटं घाईत कधीही वाचवू नका. स्वयंपाकाच्या गॅसचंही तसंच. तो हवेपेक्षा जड असतो, गळला की बोटीच्या तळाशी साचून राहतो.

आता ती वाईट वेळ. आमचा पहिला प्रवास. आम्ही व्हाइट लेकच्या बंदरात होतो आणि पेंटवॉटरला संध्याकाळी बहिणीचं कुटुंब गाडीनं येणार होतं. अंदाज तीन ते पाच फूट लाटांचा होता. मी निघालो. लिटल सेबल पॉइंट हे वाळूचं भूशिर पाण्यात पुढे आलेलं आहे, तिथे लाटा आणखी उभ्या होतात. बोट अशी हिंदकळली की डिझेलच्या टाकीच्या तळाचा, वर्षानुवर्षं बसलेला गाळ ढवळून वर आला. इंजिनाचा आवाज आधी दम लागल्यासारखा झाला, मग बंद. वारा पश्चिमेचा, म्हणजे आम्ही किनाऱ्याकडे ढकलले जात होतो.

बायकोनं आधी नांगर टाकला, मग मला हाक मारली. तोच क्रम बरोबर होता. पाणी दहा मीटर खोल होतं, सत्तर मीटर दोर सोडल्यावर नांगरानं धरलं. मग मी इंजिनाच्या खणात डोकं खाली करून फिल्टर उघडला. आतली गाळणी काळ्या, शेवाळासारख्या चिकट गाळानं भरली होती, बोटानं खरवडला की तो सायीसारखा निघत होता. नवा फिल्टर होता, एकच. तो बसवला, हातपंपानं डिझेल भरून आतली हवा काढली, बाजूलाच दोनदा ओकलो आणि चाळीस मिनिटांनी इंजिन चालू झालं.

त्यामुळे निघण्याआधी वसंत ऋतूत टाकी धुऊन घ्या. डिझेलचे फिल्टर किमान सहा, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चक्रं दोन, पट्टा एक, आणि हे सगळं स्वतःच्या हातांनी बदलायचा सराव धक्क्यावर. बदलणारा माणूस मेकॅनिक नसला तरी चालेल, पण ते काम त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा करता कामा नये. नांगराचा दोर खोलीच्या सातपट सोडता येईल एवढा लांब हवा.

सुरक्षेचं सामान

प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, फेकायची रिंग, अग्निशामक, मुदत न संपलेले फ्लेअर (संकटाच्या इशाऱ्याच्या ज्योती) आणि भोंगा. हे कायद्यानं लागतं. त्याशिवाय पक्का बसवलेला व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून बोलायचा बिनतारी संच), कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि रडारवर बोट दिसावी म्हणून रिफ्लेक्टर. मोबाइलवर भिस्त ठेवू नका, किनाऱ्यापासून थोडं दूर गेलं की रेंज जाते. चॅनेल १६ सतत ऐकत राहायचं. संकटात त्याच चॅनेलवर तीनदा "मेडे", बोटीचं नाव, जागेचे अक्षांश-रेखांश, काय झालं आणि माणसं किती, या क्रमानं बोलायचं. हा मजकूर कागदावर लिहून रेडिओजवळ चिकटवा, म्हणजे घरातलं दहा वर्षांचं पोरही वाचू शकेल.

जॅकेट खणात ठेवायचं नाही, अंगात घालायचं. इथं माणसाला थंडी मारते. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, नंतरची दहा मिनिटं हातपाय चालतात, आणि शुद्ध हरपायला तासभर लागतो. दहा मिनिटांनंतर पोहणारा आणि न पोहणारा यांत फरक उरत नाही, पण जॅकेट घातलेला त्या तासभर तरंगत राहतो. भर उन्हाळ्यातही बेसावध राहू नका. वारा जमिनीकडून सुटला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं थंड पाणी वर येतं आणि किनाऱ्याचं पाणी एका रात्रीत अंगावर काटा येण्याइतकं गार होतं.

हवामान वाचायला शिका

किनाऱ्यापासून पाच समुद्री मैलांपर्यंतचा अंदाज वेगळा आणि खुल्या पाण्याचा वेगळा मिळतो. रेडिओच्या हवामान चॅनेलवर दोन्ही लागतात. लाटांची जी उंची सांगतात ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. मधूनच जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येते, आणि तुम्हाला तोंड त्या लाटेला द्यायचं असतं. वारा २२ ते ३३ नॉट किंवा लाटा चार फुटांवर जाणार असतील तर लहान बोटींसाठी इशारा निघतो. तो इशारा असताना धक्का सोडायचा नाही. माझी स्वतःची मर्यादा त्याहून खाली, तीन फूट. तुमचा आकडा निघण्याआधी घरात सगळ्यांसमोर ठरवा. सकाळी कोणीही त्यावर घासाघीस करायची नाही.

अंदाज ऐकून झाला की तरंगत्या हवामान बोयांवरची प्रत्यक्ष नोंद पाहा. दक्षिण भागात बोया क्रमांक ४५००७, उत्तर भागात ४५००२. अंदाजात दोन फूट आणि बोयावर चार फूट दिसले तर बोया खरा.

वारा किती जोराचा आहे याइतकंच तो पाण्यावरून किती लांबून येतो हे महत्त्वाचं. उत्तरेचा वारा सरोवराची तीनशे मैल लांबी ओलांडून येतो, म्हणून दक्षिण टोकाला, मिशिगन सिटीच्या बाजूला, तो सर्वांत मोठ्या लाटा घेऊन पोचतो. पश्चिमेचा वारा पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटतो, त्याच वेळी समोरचा, पश्चिमेकडचा विस्कॉन्सिनचा किनारा शांत असतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारेही इथे दिसतात, फक्त मीठ नसतं. पहाटे पाणी तेलासारखं गुळगुळीत, दुपारी एकनंतर वारा सुटलेला.

इथे सांगण्यासारखी भरती-ओहोटी नाही, पण पाणी हलतं. जोराचं वादळ सरोवरावरून सरकलं की पाणी एका बाजूला चढतं आणि परातीतलं पाणी झुलावं तसं परत येतं. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदरावर असंच दहा फूट पाणी अचानक चढलं आणि मासे पकडत बसलेली माणसं ओढली गेली. आठ जण दगावले. वादळ गेलं, ऊन पडलं, म्हणून लगेच धक्क्याच्या टोकाला जाऊ नका. पातळी वर्षावर्षालाही बदलते. १९८६ च्या उच्चांकात आणि जानेवारी २०१३ च्या नीचांकात सहा फुटांहून जास्त फरक होता. नकाशावरची खोली एका ठरावीक नीच पातळीपासून मोजलेली असते. सध्याची पातळी तिच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहून बेरीज-वजाबाकी करा.

रोजचा दिवस

साडेचारला उठायचं. हवामान ऐकायचं, बोया बघायचा. इंजिनाचं तेल काठीनं तपासायचं, पाण्याची गाळणी उघडून शेवाळ काढायचं, तळाशी पाणी साचलंय का बघायचं. किनाऱ्यावरच्या एका माणसाला मेसेज: कुठून निघालो, कुठे जाणार, किती वाजेपर्यंत पोचलो असं कळवू, आणि नाही कळवलं तर कोणाला फोन करायचा. उजाडताना दोर सोडायचे. बारापर्यंत पुढच्या बंदरात बांधलेलं असायचं.

नाश्ता आधीच करून ठेवा. आमच्याकडे दडपे पोहे किंवा आदल्या रात्रीची थालीपिठं असतात. चालत्या बोटीत चुलीपाशी उभं राहू नये. बोट लागणाऱ्यांना आलेपाकाची वडी निघण्याआधी अर्धा तास द्या आणि त्यांना बाहेर बसवून क्षितिजाकडे बघायला सांगा, मोबाइलकडे नाही.

मालवाहू जहाजं हजार फुटांपर्यंत लांब असतात आणि त्यांना थांबायला मैलभर लागतो. जहाज तुमच्या वाटेवर येतंय का हे कळायची सोपी युक्ती: ते तुमच्या कठड्याच्या एका खांबाशी जुळवून बघा. दोन मिनिटांनी ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकलं तर ठीक. त्याच खांबापाशी राहून नुसतं मोठं होत असेल तर टक्कर ठरलेली आहे, लगेच आणि ठळकपणे वळा. धुक्यात वेग कमी करून दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा.

बंदरात शिरताना

पूर्व किनाऱ्याची बहुतेक बंदरं एकाच घडणीची आहेत. एखादी नदी किंवा छोटं तळं, त्यातून सरोवरात येणारा कालवा, आणि कालव्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर गेलेल्या काँक्रीटच्या भिंती. मागून लाटा येत असतील तर या भिंतींवर आपटून उलटतात आणि तोंडाशी पाणी सगळीकडून उसळतं. भिंतींच्या बाहेर अर्धा मैल थांबा, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या) आणि दोर आधीच तयार करा, सगळ्यांना बसवा. मग मधोमध रेषा धरून, सुकाणू ऐकेल एवढा वेग ठेवून आत या. तोंडाशी वेग एकदम सोडला तर मागची लाट बोट आडवी करते.

मुंबईत किंवा गोव्यात बोट शिकलेल्यांनी हे नीट वाचा. अमेरिकेत बंदरात शिरताना लाल दिवा आणि लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. भारतात तो डाव्या हाताला असतो. थकलेल्या अवस्थेत जुनी सवय उफाळून येते. मी सुकाणूच्या वर लाल टेप चिकटवून ठेवली आहे, उजव्या बाजूला.

मिशिगन राज्यानं १९४७ पासून अशी आश्रयाची बंदरं बांधत आणली. हेतू असा की किनाऱ्यावर कुठेही असलात तरी सुरक्षित बंदर पंधरा मैलांच्या आत असावं. या किनाऱ्याचं मला सर्वांत जास्त कौतुक याचंच वाटतं. हवा बिघडली की दुसऱ्याच्या बोटीला बोट लावून का होईना, जागा करून देतात. तरी जुलैच्या शनिवार-रविवारसाठी आधी आरक्षण करा आणि वाटेवर असताना रेडिओवरून विचारा. तोंडाशी वाळू कुठे साचली आहे हेही त्यांनाच ताजं ठाऊक असतं.

टप्पे

शिकागोहून सेंट जोसेफला सरळ साठ मैल पाणी कापून जाण्याचा मोह होतो. पहिल्या वेळी ते नको. दक्षिण किनाऱ्यानं मिशिगन सिटी किंवा न्यू बफेलो गाठा. मग सेंट जोसेफ, साउथ हेवन, सॉगटक, हॉलंड, ग्रँड हेवन, मस्किगन, व्हाइट लेक. हे टप्पे छोटे आहेत, काही तर दहा-बारा मैलांचेच. शिकाऊ कुटुंबाचा हात इथेच बसतो.

व्हाइट लेकनंतर लिटल सेबल आणि लडिंग्टननंतर बिग सेबल अशी दोन भूशिरं येतात. दोन्हीकडे दीपगृहं आहेत, बिग सेबलचं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, १८६७ चं. दोन्ही भूशिरांना मैल-दोन मैल दूर ठेवून वळसा घाला. पुढे मॅनिस्टी, आर्केडिया, फ्रँकफर्ट.

फ्रँकफर्टपुढे प्रवासाचा सर्वांत देखणा भाग येतो. उजवीकडे स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या, सरळ पाण्यातून उठलेल्या. डावीकडे मॅनिटू बेटं. मधल्या वाटेनं मोठी जहाजं जातात, त्यांच्यापासून कडेनं चाला. हवा पश्चिमेची असेल तर साउथ मॅनिटूच्या पूर्वेकडच्या खाडीत नांगरून राहा. तळ एकदम खोल होतो, म्हणून किनाऱ्याच्या बरंच जवळ नांगरावं लागतं, आणि वारा पूर्वेला फिरला तर रात्रीसुद्धा निघावं लागेल. बेटाच्या दक्षिणेला १९६० साली रुतलेल्या फ्रान्सिस्को मोराझान जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर दिसतो. लांबूनच बघा.

लीलँडला इंधन भरून शार्लव्हॉय. तिथला पूल उन्हाळ्यात दिवसा दर अर्ध्या तासानं उघडतो. दहा मिनिटं आधी पोचून प्रवाहात बोट स्थिर धरायची तयारी ठेवा. आत शांत तळं आहे, दोन दिवस मुक्काम करण्याजोगं. बीव्हर बेट इथून ३२ मैल, हवा पक्की असेल तरच जा. शेवटच्या टप्प्यात ग्रेज रीफजवळ खडकाळ उथळ पाणी आहे, तिथे बोयांची वाट अजिबात सोडू नका. लाल-पांढऱ्या पिळदार पट्ट्यांचं व्हाइट शोल दीपगृह दिसलं, की थोड्या वेळानं क्षितिजावर १९५७ चा पाच मैलांचा मॅकिनॉ पूल उगवतो. नावाच्या शेवटी इंग्रजी सी असला तरी उच्चार मॅकिनॉच.

पुलापलीकडच्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे. सायकल नाहीतर घोडागाडी. बेटाच्या धक्क्याला फेरीबोटींच्या लाटा दिवसभर बोट हलवत राहतात, शिवाय जागा मिळणं कठीण. बोट मॅकिनॉ सिटीला बांधा आणि फेरीनं बेटावर जा.

परत

उन्हाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येचा. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. म्हणून परतीला पश्चिम किनारा धरा. फ्रँकफर्ट किंवा लडिंग्टनहून साठेक मैल ओलांडून स्टर्जन बे किंवा मॅनिटोवॉक, तेही दोन दिवस सलग शांत हवेचा अंदाज असेल तेव्हाच. ओलांडताना दर तासाला जागा वहीत लिहा. उपकरणं बंद पडली तरी शेवटची नोंद हाताशी असते. पुढे मिलवॉकी, रॅसीन, केनोशा, आणि पश्चिमेच्या वाऱ्यात किनाऱ्याची आड.

शेवटच्या दिवशी स्वच्छ हवेत शिकागोच्या इमारती तीस मैलांवरून दिसू लागतात. आता आलंच, असं वाटतं, पण आठ मैलांच्या वेगानं अजून जवळपास चार तास असतात, आणि दुपारचा वारा त्याच चार तासांत सुटतो. इमारती दिसल्या की इंधन बघा आणि हवामान पुन्हा ऐका. वाढता वारा सांगत असतील तर वॉकीगनला आत शिरा, दोर बांधा आणि घरी फोन करून उद्या येतो म्हणून सांगा.